पेरू का, एवढंच सांगा

प्रश्न लातूरकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: “तुम्हा हवामानवाल्यांना ‘शक्यता आहे’ याशिवाय दुसरं काही बोलता येतं का? उपग्रह आहेत, रडार आहेत, महासंगणक आहेत. तरी रोज तेच, ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी’. परदेशात म्हणे पाऊस किती वाजता थांबेल तेही सांगतात. आमच्याकडे पाऊस कोणत्या तारखेला आणि पेरणी कधी करायची, एवढंच सांगा. यूट्यूबवरचे लोक तारीख तरी देतात.”

तुमचा राग मला नवा नाही. तीस-एक वर्षं मी अंदाजाच्या टेबलावर काढली, निम्मी पुण्यात, निम्मी मुंबईत. हा प्रश्न मला सगळ्यात आधी घरातूनच यायचा. माझा चुलतभाऊ निलंग्याकडे शेती करतो. दर वर्षी मृग लागायच्या आठवडाभर आधी त्याचा फोन. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, थेट “अण्णा, पेरू का?”

नोकरीच्या पहिल्या दोन-चार वर्षांत एकदा मी त्याला “पेर” म्हणालो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं, नकाशा बघून माझी खात्री पटली होती. ते ओडिशात जमिनीवर चढलं आणि आपल्याकडे यायचं सोडून उत्तरेला वळलं. पुढे सोळा दिवस पावसाची ओढ. त्याच्या बारा एकरांतलं बी मातीत भाजलं. दुबार पेरणी केली. तिचे पैसे कुठून आणले ते त्यानं सांगितलं नाही, मला विचारायचा धीर झाला नाही. पुढच्या वर्षी फोन आला तो तसाच. “अण्णा, पेरू का?”

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी जरा सावकाश देणार आहे.

आधी परदेशाचं बघू. युरोपात बहुतेक पाऊस मोठमोठ्या प्रणालींतून पडतो. थंड आणि उबदार हवा जिथे एकमेकींना भिडतात तिथे शेकडो किलोमीटर लांबीचा ढगांचा पट्टा तयार होतो आणि तो पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातो. आगगाडीसारखा. मागच्या स्टेशनातून सुटली की पुढच्या स्टेशनात कधी येईल ते सांगता येतं. आपल्याकडच्या पावसाची, त्यातही मराठवाड्यातल्या जूनमधल्या पावसाची, जात वेगळी. जमीन तापलेली, हवेत दमटपणा आलेला, आणि दुपारी तीनच्या सुमारास एखादा ढग उभा राहतो. पाच-दहा किलोमीटर रुंदीचा. तासाभरात बरसतो आणि संपतो. चुलीवर आधण ठेवलं तर किती वेळात उकळेल हे कुठलीही गृहिणी सांगेल, पण पहिला बुडबुडा तळाच्या कोणत्या ठिपक्यावरून सुटेल ते तिला विचारू नये. तुमचं गाव हा तो ठिपका आहे. आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यातल्या गडगडाटी पावसापुढे युरोपातले अंदाजवालेही असेच कानकोंडे होतात.

हा ठिपक्याचा प्रकार काय असतो ते २६ जुलै २००५ नं दाखवलं. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला, कुलाब्याला ७३. एका शहरात एक महाप्रलय आणि एक साधारण पावसाळी दिवस. त्या दिवशी ‘मुंबईत मुसळधार’ असा अंदाज कुणी दिला असता तर तो कुलाब्यात फार जड आणि सांताक्रूझला हास्यास्पद ठरला असता. मुंबईकडे तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. आता कुलाब्याला आहे, वेरावलीलाही आहे. तसा ढग आज उभा राहिला तर पडद्यावर दिसेल आणि दोन-तीन तास आधी ओरडता येईल. आदल्या दिवशी मात्र सांताक्रूझकडे बोट दाखवून ‘इथे साडेनऊशे’ असं लिहिणं आजही कुणाला जमायचं नाही.

का जमायचं नाही? १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ हवेचं एक सोपं गणित संगणकावर चालवत होता. एक गणित मधूनच पुन्हा चालवायचं होतं, म्हणून त्यानं छापील कागदावरचा आकडा घातला: ०.५०६. यंत्राच्या पोटातला खरा आकडा ०.५०६१२७ होता. एवढ्याशा फरकानं थोड्याच वेळात दुसऱ्या गणितातलं हवामान पहिल्याला ओळख दाखवेना. हवेचा स्वभावच असा आहे. आजची हवा आपण कधीही पूर्ण अचूक मोजू शकत नाही. सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचला देशात ठिकठिकाणी फुगे सोडतो, उपग्रह बघतो, जहाजांवरून नोंदी येतात, पण फुगा जिथे सोडला तिथली हवा कळते. मधल्या शे-दोनशे किलोमीटरांत काय आहे ते बरंचसं अजमासानं भरायचं. त्या अजमासातली चूक रोज वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांत रोजच्या हवामानाचा अंदाज गिळून टाकते. संगणक कितीही मोठा आणा, ही भिंत थोडी मागे सरकते, पडत नाही.

त्यात गणिताची जाळी. सगळ्या देशावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीला एक आकडा द्यायचा. कित्येक वर्षं आपली उत्तम जाळी बारा किलोमीटरची होती. २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेली सहा किलोमीटरची आली, ही मोठी झेप आहे. तरी सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटरला एक आकडा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या आसपाससुद्धा नाही. जाळीच्या लेखी सह्याद्रीचे कडे म्हणजे गुळगुळीत केलेले उंचवटे. त्यामुळे घाटमाथ्याचा पाऊस कमी आणि पलीकडच्या कोरड्या पट्ट्याचा जास्त, असं होत राहतं. तिथे अनुभवी माणूस हातानं दुरुस्ती करतो. तुमच्या मोबाइलवरचं ॲप ती करत नाही. ते दूरदेशीच्या कुठल्यातरी गणितातून तुमच्या गावापुढे ‘दुपारी ४ वाजता ४३ टक्के’ असा आकडा मांडतं. त्यातला तीन मला नेहमी गमतीचा वाटतो. चाळीस की पन्नास हेही ठाऊक नसताना त्रेचाळीस!

आता आम्ही एकच गणित चालवत नाही. सुरुवातीचे आकडे मुद्दाम थोडे-थोडे बदलून तेच गणित वीस-एकवीस वेळा चालवतो. लोरेन्झच्या चुकीलाच कामाला लावलं म्हणा. एकवीसपैकी अठरा गणितं लातूरवर पाऊस दाखवत असतील तर मी निर्धास्त बोलतो. अकरा इकडे आणि दहा तिकडे असतील तर ‘शक्यता’ हा शब्द तोंडात येतो. त्याला तुम्ही बोटचेपेपणा म्हणता. मी म्हणतो, त्या दिवशी खरंच तेवढंच ठाऊक असतं. ‘सत्तर टक्के’ या आकड्याचा अर्थही एकदा समजून घ्या. मी ज्या शंभर दिवसांना सत्तर टक्के म्हटलं, त्यातले तीसएक दिवस कोरडे जायलाच हवेत. सगळे शंभरच्या शंभर ओले गेले तर मी हात राखून बोलत होतो असा अर्थ, तीही चूकच.

सरकारी भाषा मात्र वाईट आहे, हे कबूल. मीही वर्षानुवर्षं तीच लिहिली. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द ऐकून तुम्हाला तुरळक पाऊस वाटतो. आमच्याकडे त्याचा पावसाच्या जोराशी संबंध नाही. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त पाव भागात पाऊस होईल, एवढाच अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, त्यापुढे ‘बहुतांश’. आणि ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा अंदाज असेल आणि दहापैकी आठ गावं कोरडी राहिली, तर आमच्या वहीत अंदाज बरोबर, त्या आठ गावांच्या लेखी आम्ही खोटारडे. बातमीत ‘तुरळक ठिकाणी’ हे दोन शब्द गळतात आणि मथळा होतो, ‘मराठवाड्यात मुसळधार’. शिवाय आमचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी रात्री पडलेला पाऊस बुधवारच्या खात्यात जातो. यावरून किती भांडणं ऐकली असतील!

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. प्रत्येक प्रश्नाला पिकायची वेळ असते. हवामानाचे सगळे प्रश्न एकाच दिवशी पिकत नाहीत. आढीतला आंबा जसा रोज हात लावून बघायचा, तसं हे आहे. कच्चा असताना मागितलात तर कुणीतरी कार्बाइड टाकून पिवळा करून देतो. यूट्यूबवरची तारीख बहुतेक वेळा तशी असते.

चक्रीवादळाचा प्रश्न तीन-चार दिवस आधी पिकतो. वादळ मोठं असतं, समुद्रावर उपग्रहाला दिसतं, चालही साधारण ओळखीची. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या घरात माणसं गेली. २०१३ मध्ये तिथेच, गोपालपूरजवळ, फायलिन आलं. सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं, बळी चाळीस-पन्नासांच्या घरात राहिले. ही माणसं कुणाच्या नजरेत येत नाहीत, कारण ती जिवंत आहेत.

त्यातही ठिपका मागू नये. ३ जून २०२० चं निसर्ग आठवा. किनारा गाठण्याची जागा सांगितली होती हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, अलिबागजवळ. सगळे कॅमेरे मुंबईकडे. वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. संध्याकाळी मुंबईतून मला फोन, “फुसका बार निघाला की हो!” त्या वेळी श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या होत्या, घरांवर पत्रे नव्हते आणि फोनचे मनोरे पडल्यामुळे तिकडून ‘अंदाज बरोबर आला’ असं सांगायला कुणाचा आवाजच पोचत नव्हता. त्या संध्याकाळी मी फोन करणाऱ्याला काहीतरी वाकडं बोललो. बोलायला नको होतं.

गडगडाटी पावसाचा, विजांचा प्रश्न पिकतो दोन-तीन तास आधी. त्याच्या आदल्या दिवशी एवढंच कळतं की जिल्ह्यात कुठेतरी होणार. त्यासाठी रडार बघायचं, ‘दामिनी’ ॲप बघायचं, आणि रानात असाल तर झाडाखाली न थांबता घर गाठायचं.

मान्सून केरळात कधी येणार हा प्रश्न मेच्या मध्यावर निम्मा पिकतो. २००५ पासून हवामान विभाग ती तारीख आधी सांगतो, पण तारखेसोबत ‘चार दिवस अलीकडे-पलीकडे’ असं लिहिलेलं असतं. एवढंच शेपूट आमच्या हातात असतं आणि तेच कापलं जातं. मला एका वार्ताहराचा फोन आठवतो. “सर, एकच तारीख द्या ना, मथळ्यात चार दिवस कुठे बसवू?” चूक त्याचीही नव्हती, मथळ्याची जागा तेवढीच असते. आणि ‘मान्सून आला’ हेसुद्धा एखाद्या पावसावरून ठरत नाही. मिनिकॉयपासून मंगळुरूपर्यंत चौदा ठरलेली केंद्रं आहेत. त्यातल्या साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा, पश्चिमेकडचे वारे ठराविक उंचीपर्यंत आणि ठराविक वेगाचे हवेत, ढगांची दाटी उपग्रहाला दिसायला हवी. मग घोषणा. २०१५ साली ३० मे सांगितली होती, आला ५ जूनला. २०२५ मध्ये २७ मे सांगितली, आला २४ ला, म्हणजे चार दिवसांच्या आतच. पण आठवणीत २०१५ राहतं.

त्याहून महत्त्वाचं: केरळातल्या तारखेचा लातूरशी फारसा संबंध नसतो, हे कुणी सांगत नाही. २०२३ मध्ये ८ जूनला केरळात आला, ११ ला कोकणात टेकला आणि बसला. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळानं बाष्प ओढून नेलं होतं. मुंबई आणि दिल्लीत मान्सून एकाच दिवशी पोचला, २५ जूनला. असं याआधी १९६१ मध्ये झालं होतं. २०२५ ची गोष्ट त्याच्या नेमकी उलटी. २६ मे रोजी मुंबई आणि पुणे! मुंबईच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच आला नव्हता. एरवीची तारीख ११ जून. लोक खुशीत, वाहिन्या खुशीत. आणि मेच्या अखेरीस तो थांबला, तो जूनच्या मध्यापर्यंत हलला नाही. त्या पंधरा-सोळा दिवसांत कृषी खातं आणि हवामानवाले घसा फोडून सांगत होते, घाई करू नका, हा पाऊस पेरणीचा नव्हे. ज्यांनी ऐकलं त्यांनी वाट पाहिली. बाकीच्यांची मला कल्पना करता येते, कारण माझ्या भावाचं बी मी असंच भाजलं होतं.

आणि संपूर्ण हंगामाचा प्रश्न? ‘यंदा पाऊस किती?’ तो तुमच्या तालुक्यासाठी कधीच पिकत नाही. एप्रिलमध्ये जो आकडा येतो, समजा १०५ टक्के, तो सगळ्या देशाचा, चारही महिन्यांचा, ८७ सेंटिमीटर या सरासरीच्या तुलनेत, आणि त्यालाही पाच टक्क्यांची चूक गृहीत धरलेली. देश सरासरी गाठतो आणि मराठवाडा करपतो, असं घडू शकतं. देश आणि मराठवाडा दोन्ही सरासरी गाठतात आणि तरी जुलैत तीन आठवडे उघडीप, सप्टेंबरात शेत वाहून जातं, असंही होतं. २०२५ च्या सप्टेंबरात तुम्ही ते बघितलंच आहे. तरी एप्रिल उजाडला की सगळे त्या एका आकड्यावर तुटून पडतात. शेअर बाजारसुद्धा.

ही घाई आजकालची नाही. भारतात असा हंगामी अंदाज १८८६ पासून नियमित दिला जातोय, हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून सुरुवात केली. पुढे जॉन एलियट यांनी १८९९ ला चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्या वर्षी भयंकर दुष्काळ पडला. टीका इतकी झाली की नंतर काही वर्षं अंदाज लोकांपुढे न मांडता गुपचूप फक्त सरकारला दिला जाई. विचार करा, लोकांना नको म्हणून अंदाज लपवावा लागला! त्यांच्या जागी आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाचा धागा शोधता शोधता थेट प्रशांत महासागरापर्यंत मजल मारली, एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बहुधा घटतो त्या प्रकाराच्या, अभ्यासातला हवेच्या दाबाचा हेलकावा त्यांनीच ओळखला. पण तो धागाही दोर नाही. १९९७ ला शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक आला, सगळे दुष्काळाची भाषा करत होते, देशात पाऊस १०२ टक्के झाला. २००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्के. जुलै जवळजवळ निम्मा कोरडा गेला, हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून सोळा घटकांवर बसवलेलं ते गणित त्याआधी बरीच वर्षं चाललं होतं. त्या एका वर्षानं ते बाद झालं. तेव्हा पुण्यात हवामान विभागाच्या शिमला ऑफिसच्या आवारात आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो, हे मला चांगलं आठवतं.

२०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत गेले. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून पेरलं, पावसानं दडी मारली, तुमचं बियाणं कंपन्यांशी साटंलोटं आहे, असा आरोप. ऑफिसातले काही जण हसले. मला हसू आलं नाही. अंदाज खोटा होता असं मी म्हणणार नाही, पण त्या माणसाला ‘देशात सरासरीइतका’ हे वाक्य पोचलं होतं, आणि त्यानं ते ‘माझ्या रानात, या पंधरवड्यात’ असं ऐकलं होतं. या दोन वाक्यांच्या मधली जागा भरायचं काम आमचं होतं.

ती जागा रिकामी ठेवली की दुसरे येऊन बसतात. तारखा देणाऱ्यांची एक युक्ती सांगतो. जूनमध्ये तीस तारखांपैकी कोणत्याही चार सांगा, ‘राज्यात जोरदार पाऊस’ म्हणा. एवढ्या मोठ्या राज्यात त्या दिवशी कुठे ना कुठे जोरदार पडतोच. जिथे पडला तिथले लोक व्हिडिओखाली हात जोडतात, जिथे नाही पडला तिथले पुढचा व्हिडिओ बघतात. वही कुणीच ठेवत नाही. नक्षत्रांचं मी यात धरत नाही. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, आसळका, ही पूर्वजांनी ठेवलेली सरासरीची वही आहे, आणि ‘या पंधरवड्यात साधारण कसा पाऊस असतो’ हे ती बरं सांगते. यंदाचं मात्र तिला ठाऊक नाही, वाहन बेडूक असो की कोल्हा. भेंडवळची घटमांडणी ऐकायला मलाही आवडते. तिच्यावर बी टाकू नये इतकंच.

आता तुमचा पेरणीचा प्रश्न. त्याचं हो-नाही मी का देत नाही, त्याचं आणखी एक कारण आहे. समजा पुढच्या आठवड्यात पावसाची शक्यता तीस टक्के आहे. नाशिककडच्या द्राक्षवाल्याच्या बागेत ऑक्टोबरात फुलोरा असेल, तर त्या तीस टक्क्यांवर तो फवारणी करतो, कारण न केली तर वर्ष जाईल. ज्याला अंगणात मांडव घालायचा आहे तो तीस टक्क्यांवर ताडपत्री सांगून ठेवतो. आणि ज्याला ज्वारी वाळत घालायची आहे तो घालतो, आभाळ आलं तर उचलतो. आकडा एकच, निर्णय तीन. चुकलं तर कुणाचं किती जाणार, हे माझ्या नकाशावर दिसत नाही. ते तुमच्या वहीत आहे. मी ‘पेर’ म्हटलं तेव्हा मी भावाच्या वहीतला निर्णय माझ्या नकाशावरून घेतला होता.

सोयाबीनचं म्हणाल तर पहिल्या पावसाला भुलू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खाली गेली, वाफसा आला, की मग पेरा. दर गुरुवारी हवामान विभागाचा चार आठवड्यांचा अंदाज येतो. त्यातले पहिले दोन आठवडे वाचा, पुढच्या दोनांकडे कल म्हणून बघा. पाऊस पडून गेला आणि पुढच्या आठवड्यात मोठा खंड दिसत असेल, तर हलक्या जमिनीत थांबा, भारी काळ्या जमिनीत ओल किती खोल आहे ते बघून ठरवा. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला निघतो, तो जिल्ह्याचा असतो, वाचण्यासारखा असतो. सोयाबीनला १५ जुलैपर्यंत वेळ आहे, घाबरायचं कारण नाही. मूग-उडदाला एवढा धीर परवडत नाही, जुलैचा पहिला आठवडा ओलांडला तर तो नाद सोडा. बी तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नका. जमलं तर रुंद सरी-वरंब्यावर पेरा. खंड पडला तर ओल टिकते, जास्त झाला तर पाणी निघून जातं. अंदाज कोणत्याही बाजूनं चुकला तरी चालेल, असा तो एक उपाय आहे, म्हणून मला तो फार आवडतो.

आणि पाऊस स्वतः मोजा. मंडळात स्वयंचलित केंद्र असतं, पण ते तुमच्या बांधावर नसतं. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा मोकळ्या जागी ठेवा, झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीखाली नको. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर खोल आहे ते लिहा. डबा लहान असो की मोठा, जेवढी खोली तेवढा पाऊस.

भावाला हे मी पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आता तुझं कामही मीच करू?” पण वहिनीनं तुपाचा रिकामा डबा दिला आणि त्यानं गोठ्यामागे दगडांत रोवला. अलीकडे त्याचा फोन मृगाच्या आधी येत नाही, नंतर येतो. गेल्या खेपेला म्हणाला, “अण्णा, काल अठ्ठावीस, आज चौतीस. बासष्ट झाले.” मी विचारलं, मग काय करतोस. म्हणाला, “गुरुवारचं बघतो की.”